पापड, वाफ आणि शिळा भात : आमच्या किचन प्रकल्पाच्या नोंदी

९ जून २०२५

आजपासून नोंदी इथे ठेवतेय. माझं रोजचं काम काचेवरचं, म्हणजे धातूंची काच, वितळलेला मिश्रधातू इतका पटकन गार करायचा की अणूंना स्फटिकात रांगेत बसायला वेळच मिळत नाही आणि ते आहेत तिथेच अडकतात, त्याची कॉम्प्युटरवर सिम्युलेशन्स. शेजारच्या मटेरियल्स लॅबमधली मैत्रीण आणि माझा एक एमएस्सीचा विद्यार्थी असे तिघं मिळून हा दुसरा प्रकल्प सुरू केलाय, पुण्यातल्या आमच्या सोसायटीतल्या काही घरांत खाण्यापिण्याचे रोजचे निर्णय कसे होतात आणि त्यातले कुठले खरंच पर्यावरणाला फरक पाडतात हे बघायचं. कुठल्या घरातल्या कोणाचंही नाव येणार नाही.

संदर्भाला दोन आकडे धरलेत. यूएनच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं साधारण ६० टक्के घराघरांतून. भारतासाठी अंदाज आहे माणशी वर्षाला ५५ किलो. दुसरं, २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेलं पूअर आणि नेमेचेक यांचं विश्लेषण. त्यात जगाच्या हरितवायूंपैकी साधारण पाव भाग अन्नसाखळीचा, आणि त्या पाव भागात वाहतुकीचा वाटा फार छोटा, बराचसा शेतात, गोठ्यात आणि जमिनीच्या वापरात. हे मला सुरुवातीलाच लिहून ठेवायचंय कारण पहिल्याच मीटिंगला सगळे म्हणाले "लोकल खा की झालं". लोकल खाणं चांगलंच, शेतकऱ्याशी ओळख होते, भाजी ताजी मिळते, पण कार्बनच्या हिशोबात काय खातोय, किती टाकतोय आणि कसं शिजवतोय हे तिन्ही प्रश्न त्याच्या आधी येतात.

१२ जून

वाफेचा हिशोब. एक लिटर पाणी २५ अंशांवरून १०० वर न्यायला लागतात साधारण ३१४ किलोज्यूल. तेच एक लिटर पूर्ण उडवायला २२५७. सातपट! म्हणजे पाणी उकळवणं स्वस्त आहे, उकळतं ठेवून उडवत बसणं महाग आहे. गॅसमध्ये सांगायचं तर एक किलो एलपीजीत साधारण ४६ मेगाज्यूल, आणि घरगुती शेगडीची कार्यक्षमता भारतीय मानकाप्रमाणे किमान ६८ टक्के, म्हणजे भांड्यात पोचतात सुमारे ३१. त्यामुळे लिटरभर पाणी तापवायला १० ग्रॅम गॅस आणि तेवढंच पाणी उडवायला ७० च्या वर. छोटं पातेलं मोठ्या बर्नरवर असेल, ज्वाला कडेने वर येत असतील, तर याहून जास्तच.

आणखी एक गोष्ट, उकळायला लागलं की पाण्याचं तापमान वाढतच नाही. पुण्याच्या उंचीवर ते साधारण ९८ ला थांबतं, गॅस मोठा केला तरी ९८ च. मोठ्या आचेवर खळखळ उकळणारा बटाटा आणि बारीक आचेवर उकळणारा बटाटा सारख्याच वेळात शिजतो, हे आज मीटिंगला सांगितल्यावर दोन घरांतून लगेच "असं कसं" आलं. तेव्हा करून बघायचं ठरलंय.

हे नवीन काही नाही. स्पिन ग्लासवरच्या, म्हणजे अणूंची चुंबकी दिशा अस्ताव्यस्त थिजलेली असते अशा पदार्थांवरच्या कामासाठी ज्यांचे पेपर आम्ही पारायण केल्यासारखे वाचतो ते जॉर्जो पारिसी, २०२१ चे नोबेलवाले, त्यांनी २०२२ मध्ये इटलीत गॅस महागलेला असताना फेसबुकवर एक पोस्ट शेअर केली होती की पाणी उकळलं, पास्ता टाकला की थोड्या वेळात गॅस बंद करा आणि झाकण ठेवून द्या. तिथले शेफ चांगलेच चिडले. पण पारिसींचा भर झाकणावर होता, कारण उष्णता जाते ती बाष्पीभवनात. मला हे फार आवडतं की अव्यवस्थेचं गणित मांडणारा माणूस पातेल्यावरच्या झाकणाबद्दल तेवढ्याच गांभीर्याने बोलतो.

१८ जून

झाकण. सांगायला सोपं आहे पण तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी बरोबर मुद्दा काढला, "झाकण ठेवलं की उतू जातं, मग ओटा पुसायचा कोणी?" आज त्यांच्याकडे बसून नीट बघितलं. तूरडाळीला उकळी आली की डाळीतली प्रथिनं आणि स्टार्च बुडबुड्यांच्या भिंतीत जाऊन बसतात आणि ती भिंत लवकर फुटत नाही. आधी कडेने पांढरट पिवळसर फेस जमतो, मग तो एकदम उभा राहतो, झाकण उचलतो आणि खाली येतो. काकू डाळ लावतानाच हळद आणि चमचाभर तेल घालतात, त्यांच्या आईपासूनची सवय. तेलाचा थेंब बुडबुड्याच्या भिंतीत घुसतो, पसरतो आणि भिंत पातळ होऊन फुटते, रंगाच्या आणि कागदाच्या कारखान्यात फेस मारायला जी द्रव्यं घालतात त्यांचंही तत्त्व हेच. तेल घालून, झाकण किंचित तिरकं ठेवून आणि उकळी आल्यावर आच अगदी बारीक केली तर उतू गेलं नाही. बटाट्याचीही चाचणी झाली. दोन सारखे बटाटे, दोन बर्नर, सुरी एकाच वेळी आत गेली.

प्रश्नावलीत "झाकण ठेवता का" असं विचारणार नाही, "झाकण कधी काढावं लागतं" असं विचारणार. उत्तरं खरी येतील.

२४ जून

डाळी आणि कडधान्यं. विद्यार्थ्याने विसरण समीकरण मांडलंय, पाणी दाण्यात किती वेळात मुरतं ते. मुख्य गोष्ट एवढीच की वेळ जाडीच्या वर्गाने वाढतो, जाडी दुप्पट तर वेळ चौपट. म्हणून सोललेली, दुभंगलेली तूरडाळ लगेच भिजते आणि अख्खे छोले रात्रभर घेतात. अख्ख्या दाण्याला वर साल आहे, आणि सुरुवातीला पाणी मुख्यतः डोळ्याजवळच्या बारीक छिद्रातून आत जातं, त्यामुळे साधं गोल दाण्याचं मॉडेल पहिल्या तासात जुळत नाही, साल सुरकुतली की मग जुळायला लागतं. राजमा भिजताना बघा, साल आधी लाटांसारखी सुरकुतते आणि आतला दाणा नंतर फुगून ती भरून काढतो.

पाण्याचा प्रश्न यातून निघाला. आमच्याकडे काही दिवस महापालिकेचं, काही दिवस टँकरचं, काही दिवस बोअरचं. बोअरचं पाणी जड. त्यातलं कॅल्शियम डाळीच्या पेशी चिकटवणाऱ्या पेक्टिनला आणखी घट्ट बांधतं आणि डाळ शिजायला वेळ लागतो. "आज डाळ शिजतच नाहीये" याचं खापर दुकानदारावर फुटतं पण कधी कधी कारण टाकीत असतं. भिजवताना पाण्यात थोडं मीठ घातलं की सोडियम कॅल्शियमची जागा घेतं आणि सालं मऊ होतात. चिमूटभर सोड्यानेही लवकर शिजतं पण त्यात बी-१ जीवनसत्त्व जातं, त्यामुळे घरांना द्यायच्या सल्ल्यांच्या आमच्या यादीत मीठ आहे, सोडा नाही. जुनी डाळ वेगळी, उष्ण दमट जागी महिनोन्‌महिने पडलेली असेल तर ती मिठालाही फारशी दाद देत नाही.

कुकर. १५ पीएसआय दाब म्हणजे आत साधारण १२० अंश, म्हणून वेळ तिपटी-चौपटीने कमी होतो. पण शिट्टी म्हणजे वाफ बाहेर. पहिली शिट्टी झाली की बारीक करायचं आणि घड्याळ लावायचं, शिट्ट्या मोजायच्या नाहीत. माझ्या आईला हे अजिबात पटलेलं नाही, तिचा वरणभात चार शिट्ट्यांचाच. तिचं म्हणणं शिट्टी बाहेरच्या खोलीतूनही ऐकू येते, घड्याळाकडे बघायला आत यावं लागतं, आणि हा मुद्दा खरा आहे. छोटा टायमर देऊन बघणार.

६ जुलै

आषाढी. सगळीकडे साबुदाणा, आज मोजमाप नाही. फक्त एक निरीक्षण, साबुदाणा भिजवताना पाणी दाण्याच्या जेमतेम वर ठेवतात, म्हणजे जेवढं पाणी स्टार्च शोषू शकतो तेवढंच देतात, एक थेंब ओतून द्यावा लागत नाही. डाळ-तांदळाच्या भिजवणीलाही ही शिस्त लावता येते.

१५ जुलै

हे माझ्या आवडीचं. पावसाळा लागला की उन्हाळ्यात केलेलं वाळवण आणि डब्यातले तळणीचे पदार्थ सादळतात आणि त्यातलं बरंच फेकलं जातं. सादळणं ही काचेची गोष्ट आहे, अगदी शब्दशः. भाजलेला पापड, चकली, बिस्किट यांच्यातला स्टार्च काचेच्या अवस्थेत असतो, रेणू अस्ताव्यस्त आणि जागच्या जागी थिजलेले, म्हणून तो कडक आणि ठिसूळ. कोरड्या स्टार्चचं काच-संक्रमण तापमान, म्हणजे ज्याच्या वर तो रबरासारखा होतो ते, २०० अंशांच्याही पुढे असावं, तिथपर्यंत पोचेपर्यंत तो जळायलाच लागतो. पाण्याचं स्वतःचं उणे १३७ च्या आसपास. दोघं मिसळले की मिश्रणाचं तापमान मधे कुठेतरी येतं आणि पाणी थोडंसं वाढलं तरी झपाट्याने खाली घसरतं. २० टक्क्यांच्या आसपास पाणी शिरलं की ते खोलीच्या तापमानाजवळ येतं, आणि कुरकुरीतपणा तर त्याच्या बराच आधी जातो. लुईस स्लेड आणि हॅरी लेव्हिन या जोडीने १९८० च्या दशकापासून अन्नाकडे असं पॉलिमर, म्हणजे लांब साखळ्यांचे रेणू म्हणून बघायला शिकवलं. अन्न उद्योगात काम करत असताना मूलभूत विज्ञान करून दाखवलं, मला याचं अप्रूप आहे.

आज मैत्रिणीच्या लॅबमध्ये उडदाच्या पापडाचा काही मिलिग्रॅम तुकडा अ‍ॅल्युमिनियमच्या इवल्याशा पॅनमध्ये दाबून डीएससीत, म्हणजे नमुना तापवताना तो किती उष्णता घेतो ते मोजणाऱ्या यंत्रात घातला. धातूच्या काचेत हा बदल ठळक पायरीसारखा दिसतो, पापडात मात्र तो पसरट, अंधुक, बेसलाइन कुठे वाकली यावर आमची बराच वेळ चर्चा. अपेक्षित होतं, कारण पापडात एकच पदार्थ नाही, स्टार्च आहे, प्रथिनं आहेत, पापडखार आहे, तेल आहे. आम्हाला तर कान जास्त उपयोगी पडला. ताजा भाजलेला पापड मोडला की टच्‌कन आवाज, अर्धा तास उघडा ठेवल्यावर बोदा आवाज, तासाभराने आवाजच नाही, पापड वाकतो. फोनवर रेकॉर्ड केलेत तिन्ही.

भाजताना काय होतं तेही लिहून ठेवते. कच्चा पापड निखाऱ्यावर धरला की आधी तो मऊ पडतो, काच रबर होते, त्याच क्षणी आतलं पाणी वाफ होऊन फोड आणतं, मग पाणी निघून जातं आणि फोड तसाच्या तसा पुन्हा काच होतो. आणि हा प्रवास उलटसुलट करता येतो! सादळलेला पापड, चिवडा, चकली परत गरम केली की पाणी उडून ती पुन्हा कडक होते, फक्त तेल खवट झालेलं नको. म्हणजे सादळलं म्हणून टाकायची गरज नाही, तव्यावर मंद आचेवर परतायचं आणि पूर्ण गार झाल्यावर डब्यात भरायचं. गरम भरलं की डब्यातच वाफ धरते. हे घराघरांत माहीत आहेच, पण टाकणाऱ्या घरांत विचारलं तर "एकदा गेलं ते गेलं" असं वाटणारे भेटले, विशेषतः नवीन संसारवाले.

पॅकिंगबद्दल एक ओळ. चिप्सच्या पाकिटाच्या आतली चकाकी म्हणजे प्लास्टिकवर चढवलेला दहा ते शंभर नॅनोमीटरच्या दरम्यानच्या जाडीचा अ‍ॅल्युमिनियमचा थर. ओलावा अडवायला तो अप्रतिम, पण वेगवेगळे थर चिकटवलेले असल्याने रिसायकल करायला फार अवघड. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा तेच काम वर्षानुवर्षं करतो.

२ ऑगस्ट

शिळी पोळी, शिळा भात. इथे काच नाही, स्फटिक आहे. शिजताना स्टार्चचे दाणे पाणी पिऊन फुगतात आणि आतली रचना मोडते, गार झाल्यावर रेणूंच्या फांद्या हळूहळू परत रांगेत यायला लागतात, पोळी ताठर होते, भात टणक. आणि हे सगळ्यात वेगाने होतं ४ अंशांच्या आसपास, म्हणजे नेमकं फ्रीजमध्ये. पण हे स्फटिक ६० अंशांच्या वर पुन्हा वितळतात, म्हणून वाफ काढली की भात मऊ.

फोडणीचा भात आणि कुस्करा यांच्याकडे आता मी वेगळ्या आदराने बघते. पोळी हाताने कुस्करायची म्हणजे पृष्ठभाग वाढला, फोडणीत तेल आणि पाण्याचा हबका, वर झाकण, एक वाफ. स्फटिक वितळवायला जेवढं हवं तेवढं सगळं त्यात आहे.

मात्र भाताबद्दल सगळ्या घरांना स्पष्ट सांगायचंय. बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, भात कोमट स्थितीत तासन्‌तास ओट्यावर राहिला की ते वाढतात, आणि त्यांचं उलटी आणणारं विष नंतर फोडणी दिली तरी जात नाही. उरलेला भात पसरट ताटलीत काढून लवकर गार करायचा आणि फ्रीजमध्ये. टणक होईल, होऊ दे, तो परत मऊ करता येतो. अन्न वाचवण्याच्या नादात कोणी आजारी पडायला नको.

१२ ऑगस्ट

गोधडी पेटी. उकळी आलेलं पातेलं झाकणासकट गुंडाळून ठेवायचं आणि उरलेलं शिजणं साठलेल्या उष्णतेवर. विद्यार्थ्याचा कागदावरचा हिशोब : दोन किलोचं पातेलं, उघड्या हवेत गार होण्याचा कालांक (खोलीच्या तापमानाशी असलेला फरक साधारण एक तृतीयांशावर यायला लागणारा वेळ) साधारण दोन तास, पाच सेंटिमीटर कापसात गुंडाळलं तर जवळजवळ दिवसभर. प्रत्यक्षात त्याच्यापेक्षा बराच कमी येतो, कारण कडेच्या फटीतून हवा फिरते आणि झाकणातून आलेली वाफ कापसात मुरली की ओला कापूस उष्णता सोडायला लागतो. खाली जाड पुठ्ठा, पातेल्याभोवती आधी एक कोरडा टॉवेल आणि मग गोधडी, असं केल्यावर सुधारलं. भात, मसूर, मुगाची खिचडी उत्तम होते. तूर आणि छोल्यांना आम्ही नको म्हणतोय. जेवायची वेळ होईपर्यंत पदार्थ ६० च्या वर राहिला पाहिजे, थर्मामीटर घालून बघायचंच, आणि खाली गेला तर सरळ उकळून घ्यायचा. राजमा यात कधीच नाही, त्यातलं लेक्टिन नावाचं अपायकारक प्रथिन जायला खरी जोरदार उकळी लागते.

ज्या घरात दोघंही नोकरीवर जातात तिथे पेटी सगळ्यात जास्त चालली. गॅस वाचतो म्हणून नव्हे, ती लावून अंघोळीला जाता येतं म्हणून! एका ताईंनी सांगितलं की सकाळचा सगळ्यात मोठा ताण शेगडीजवळ उभं राहण्याचा, आणि तोच कमी झाला. कार्बन फूटप्रिंटच्या एकाही तक्त्यात शिजवणाऱ्या बाईच्या वेळेचा रकाना नाही. आमच्या तक्त्यात आजपासून आहे, आणि माझ्या मते ज्या सल्ल्याने त्या रकान्यातला आकडा वाढतो तो सल्ला देऊच नये.

२८ ऑगस्ट

काल गणपती बसले, उकडीचे मोदक झाले. तळाशी दोन पेले पाणी, वर चाळणीत मोदक, घट्ट झाकण. वाफ मोदकावर येऊन पाणी होते तेव्हा ती किलोमागे २२५७ किलोज्यूल तिथेच सोडते, ज्या उष्णतेचा १२ जूनला तोटा म्हणून हिशोब केला तीच इथे कामाला लागते. तेवढ्याशा पाण्यात घाणेच्या घाणे होतात. दोन चाळण्या एकावर एक ठेवल्या तर खालून निसटणारी वाफ वरच्या चाळणीत धरली जाते. इडलीपात्र, कुकरचे डबे, सगळ्यात हेच. वाफवणं यादीत वर घेतलंय.

४ सप्टेंबर

गौरी गेल्या. दोन-तीन घरांतून पुरणावरणाचं बरंच उरलं आणि ओल्या कचऱ्यात गेलं, वजन करायला कोणाच्या घरी थांबणं बरं दिसत नव्हतं म्हणून केलं नाही. उरलेल्याचं काय यावर पुण्यातच झालेलं काम आठवलं, आनंद कर्वे यांच्या आरती (अ‍ॅप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट) या संस्थेने शेणाऐवजी स्वयंपाकघरातल्या खरकट्यावर चालणारं छोटं बायोगॅस संयंत्र केलं, त्याला २००६ मध्ये शाश्वत ऊर्जेसाठीचा अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. मुद्दा साधा पण डोळे उघडणारा, शेणातलं सत्त्व जनावराने आधीच घेतलेलं असतं, स्टार्च आणि साखर मात्र जिवाणूंना सहज पचते, त्यामुळे थोड्या खरकट्यावर लवकर गॅस. गच्चीवर एक बसवावं असा प्रस्ताव सोसायटीपुढे ठेवणार आहे. पण क्रम पक्का : आधी कमी रांधणं, मग उरलेलं खाणं, मग संयंत्र.

१४ सप्टेंबर

धान्यांवरची चर्चा राहिली होती. भातखाचरात पाणी साचून मिथेन निघतो आणि तो शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या २७ पट तरी तापवतो. रब्बीची ज्वारी, मंगळवेढा-सोलापूरकडची मालदांडी, काळ्या जमिनीतल्या साठलेल्या ओलीवर येते, कडबा गुरांना जातो. आकड्यांनी ज्वारी सहज जिंकते. पण भाकरी थापायला हात लागतो, ग्लुटेन नसल्याने पीठ उकळत्या पाण्याने मळलं तरच बांधलं जातं, आणि आमच्या सोसायटीत तरुण घरांत ते येणाऱ्या व्यक्ती फार थोड्या. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं तेव्हा पाकिटातल्या कुकीजच जास्त खपताना दिसल्या. आम्ही भाकरीऐवजी ज्वारीच्या कण्या आणि धिरडी सुचवतोय, धिरड्याला थापायला लागत नाही, पीठ भिजवून ओतायचं. दोन घरांत आठवड्यातून एकदा सुरू झालंय.

पुढचं काम : टँकर आणि बोअरच्या पाण्याचे नमुने घेऊन कॅल्शियम मोजायचं, त्याच पाण्यात एकाच पोत्यातली तूर शिजवायची. पापडाच्या आवाजाच्या रेकॉर्डिंग्ज विद्यार्थी फ्रिक्वेन्सीत उलगडतोय, ओलाव्याशी आलेख जुळला तर दिवाळीच्या फराळावर तो पुढे नेऊ, तेव्हा चकल्या भरपूर असतील. आईला टायमर दिलाय, ती आता दोन शिट्ट्यांवर आली आहे.